वाचून घेणं वेगळं, वाचायला शिकवणं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे शिकायला येणारा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. तपासणीत डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला शिकताना अडणं, निघाला आहे. तुम्ही दोन महिने रोज तासभर त्याच्याकडून पाठ्यपुस्तकातले धडे वाचून घेताय. पहिलं अक्षर बघून तो पुढचा शब्द मनानेच म्हणतो, जोडाक्षर आलं की थांबतो, आणि काल दहा वेळा घोटलेला शब्द आज त्याला नवाच असतो. तो आळस करतोय का, माझी पद्धत चुकतेय का, आणि सुरुवात नेमकी कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

तो आळस करत नाही, हे आधी सांगून टाकते. पद्धतीचं म्हणाल, तर तुम्ही दोन महिने त्याच्याकडून वाचून घेतलंत, पण वाचायला शिकवणं मात्र राहून गेलं. सुरुवातीला माझ्याकडूनही हेच झालं होतं, कारण आपण स्वतः कसं वाचायला शिकलो ते आपल्याला आठवतच नाही. आपल्याला पुस्तक समोर धरलं की वाचता येतं, म्हणून रोज धरलं की त्यालाही येईल असं वाटत राहतं. ज्याला अक्षरं जुळवता येत नाहीत त्याच्यासमोर चौथीचा धडा ठेवला, तर वेळ निभावून न्यायला त्याच्याकडे एकच हत्यार असतं, ते म्हणजे अंदाज. या दोन महिन्यांत त्याचा सराव झाला तो अंदाजाचाच. तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या तासापुरतं पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा. शाळेचा अभ्यास बुडेल ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय असा की धडा घरातल्या कुणीतरी त्याला वाचून दाखवायचा आणि उत्तरं तोंडी करून घ्यायची. वाचायला शिकणं आणि अभ्यास समजणं ही दोन कामं काही महिने वेगळीच चालू द्या.

आळशी म्हणून हिणवलं जाणं या मुलांच्या वाट्याला फार पूर्वीपासून आलेलं आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, चुणचुणीत, हिशेबात पक्का. पण वर्षानुवर्षं शिकवूनही लहान लहान शब्द वाचता येत नव्हते, स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटसुलट करून लिहायचा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत त्या लेखात नोंदवलेलं आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं उलटली, तरी माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे शिक्षक आजही जवळपास याच शब्दांत बोलतात. बुद्धी आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तुमच्या मनात पक्कं असू द्या. ते मुलाला तुमच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

अडतं कुठे? अक्षरं उलटी दिसणं म्हणजे डिस्लेक्सिया, असा समज अजून पसरलेला आहे. अक्षरं उलटी लिहिणं लहान वयात बहुतेक सगळ्याच मुलांकडून होतं. बहुतांश डिस्लेक्सिक मुलांची खरी अडचण कानाच्या पलीकडची असते. त्यांना ऐकू नीट येतं, पण ऐकलेल्या शब्दाचे आवाज सुटे करता येत नाहीत. ‘चाक’ हा शब्द तुम्हाला-मला च्, आ, क् असा उकलता येतो. या मुलाच्या मनात तो अख्खा गोळा असतो. लिपी म्हणजे आवाजांना दिलेल्या खुणा. आवाजच सुटे झाले नाहीत, तर खूण कशाला चिकटवायची? म्हणून ती चिकटत नाही आणि काल शिकवलेलं आज पुसलं जातं. यात आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. आई किंवा वडील कधीतरी हळूच सांगतात, ‘मलाही शाळेत असंच व्हायचं.’ ते सांगतील तेव्हा शांतपणे ऐकून घ्या, त्यांनाही ते पहिल्यांदाच बोलायला मिळत असतं.

डोळे आणि कान तपासून झालेत ना, एवढं घरच्यांना विचाराच. कानात पाणी साठून महिनोन्‌महिने कमी ऐकू आलेलं असतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, असं घडतं. मूल खूप गैरहजर राहिलं असेल किंवा मधेच माध्यम बदललं असेल, तर तेही माहीत हवं. निदान करणं हे आपलं काम नाही, ते मानसशास्त्रज्ञांचं. त्यांचा अहवाल मात्र मागून घ्या आणि वाचा. लक्ष टिकवण्याची किंवा गणिताची वेगळी अडचण जोडीला असेल, तर त्यात लिहिलेलं असतं.

आता पहिले दोन तास काहीही शिकवू नका, फक्त शोधा. अक्षरं क्रमाने विचारू नका. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिसरीतली. आई म्हणाली, ‘बाराखडी तोंडपाठ आहे, तरी वाचता येत नाही.’ मी म्हणायला सांगितली. क-का-कि-की, एका श्वासात, सुरात, कुठेही न अडखळता. मग मी एका कार्डावर ‘कु’ लिहून समोर ठेवलं. ती कार्डाकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ हलायला लागले: क, का, कि, की, कु. तिथे थांबली आणि म्हणाली, ‘कु’. एका अक्षरासाठी तिला दर वेळी पहिल्या पायरीपासून चढून यावं लागत होतं. ‘सुतार’ एवढा शब्द वाचायचा तर ‘सु’साठी पाच पायऱ्या, ‘ता’साठी दोन, आणि तोवर पहिलं अक्षर विसरून जायचं. तिची आई खोटं बोलत नव्हती, बाराखडी पाठ होतीच. पण ते गाणं पाठ होतं, खुणा पाठ नव्हत्या.

म्हणून अक्षरं विस्कटून विचारा. आधी सुटी व्यंजनं, मग काना, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, मात्रा. उत्तर बरोबर की चूक एवढंच लिहू नका, किती वेळ लागला तेही टिपा. तीन-चार सेकंद विचार करून आलेलं अक्षर वाचनाच्या कामाचं नाही. त्यानंतर अर्थ नसलेले शब्द द्या: लोपीम, गाटूस, रुदोक, टिमोळ. अंदाजाला इथे जागाच नाही, कारण हे शब्द त्याने कधी ऐकलेले नाहीत. एक मुलगा पहिलीचं पुस्तक माझ्यासमोर घडाघडा वाचायचा, चित्र झाकलं तरी वाचायचा. ‘गाटूस’ पुढे ठेवल्यावर गप्प झाला आणि थोड्या वेळाने ‘गाडी’ म्हणाला. अख्खं पुस्तक त्याने ऐकून पाठ केलं होतं. केवढी स्मरणशक्ती! आणि ती सगळी न येणारं लपवण्यात खर्च होत होती.

तिसरी तपासणी पुस्तकाशिवायची. ‘माळ’मधला म् काढला तर काय उरलं? ‘डावा’ हे दोन तुकडे उलटे म्हण. (‘वाडा’.) हे जमत नसेल तर खोदायला सुरुवात तिथून. चौथी तपासणी सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी: त्याच्या इयत्तेचा एक उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र मी कायम डोक्यात ठेवते. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. ऐकून सगळं समजत असेल तर काम अक्षरांकडे आहे. ऐकूनही समजत नसेल तर भाषेवर, शब्दांवर, बोलण्यावर वेगळं काम लागेल, आणि कितीही अक्षरं घोटली तरी ती कसर भरून निघणार नाही.

आवाजांचं काम दिवसाला पाच-सात मिनिटं, जास्त नको. मी शर्टाची बटणं वापरते. एका आवाजाला एक बटण पुढे सरकवायचं. ‘चाक’ला तीन बटणं. ती उलट्या क्रमाने सरकवली की ‘काच’ होते, आणि मुलांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा ती मान वर करून तुमच्याकडे बघतात. सुरुवात मात्र टाळ्यांनी करा, शब्दाचे ठोके मोजत. इथे एक गोष्ट सांभाळा. ‘कबुतर’ बोलताना ठोके तीनच पडतात, क-बु-तर. लिहिताना अक्षरं चार. मूल तीन टाळ्या वाजवेल तेव्हा ते बरोबर आहे, त्याला चार वाजवायला लावू नका.

यातूनच मराठीची एक खास खोच निघते आणि ती शिकवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आपण अक्षर शिकवताना ‘क’ म्हणतो, त्यात अ मिसळलेला असतो. पण ‘बदक’ म्हणताना शेवटच्या क मधला अ आपण गिळतो. ‘मुलगा’ लिहितो, ‘मुल्गा’ म्हणतो. ‘करवत’ लिहितो, ‘कर्वत्’ म्हणतो. मूल प्रामाणिकपणे ‘मु… ल… गा…’ असं पूर्ण अ लावत म्हणतं, आणि जो शब्द तयार होतो तो त्याने कधी ऐकलेलाच नसतो. आपल्याला वाटतं सगळी अक्षरं बरोबर म्हणूनही याला शब्द कसा कळत नाही? तेव्हा हे त्याला उघड सांगा: ‘शब्दाच्या शेवटी, कधी मधेही, अक्षर बारीक होतं. आधी सावकाश म्हण, मग बोलतो तसं म्हण.’ माझ्या तासाला ‘आता बोलतो तसं म्हण’ हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा होत असेल. घर, बदक, गवत, करवत, मुलगा अशी चढती यादी करून आठवडाभर याच कामाला द्या.

दुसरं, बाराखडी सोडा आणि चिन्ह शिकवा. तीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या आसपास आकार पाठ करायचे. हे ओझं या मुलाला झेपणार नाही आणि झेपवायची गरजही नाही. काना म्हणजे आ. तो कुणालाही लावा, आ-च. एका पट्टीवर ‘म’ला, ‘त’ला, ‘प’ला काना लावून बघू दे: मा, ता, पा. एक चिन्ह हातात बसलं की पुढचं. मी क्रम असा ठेवते: काना, मग दुसरी वेलांटी, मग दुसरा उकार, मग मात्रा, काना-मात्रा. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घेते. ‘किती’मध्ये ती कागदावर क च्या आधी बसते आणि तोंडात क नंतर येते. डोळा डावीकडून उजवीकडे जातोय आणि आवाज उलटा, हे कोवळ्या वाचकाला फार गोंधळवतं. ती शिकवताना मी वेलांटी लाल पेनाने काढते आणि सांगते, ‘लाल दिसलं की आधी पुढचं अक्षर धर.’ दोन-तीन आठवड्यांत लाल रंग काढून टाकता येतो.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष. फळ्यावर ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी लिहून ‘नीट बघ, फरक आहे’ असं आपण मोठ्या हौसेने दाखवतो आणि त्याच्या डोक्यात दोन्ही कायमचे एकमेकांत गुंततात. ‘घ’ आधी पक्का होऊ दे, इतका की झोपेतून उठवलं तरी सांगेल, मग महिन्याभराने ‘ध’.

‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतले दोन च वेगळे, ‘जाड’ आणि ‘जीभ’ यांतले ज वेगळे. हे मूल विचारेल तेव्हाच सांगा. मराठी बोलणारं मूल योग्य उच्चार आपोआप निवडतं. अनुस्वाराचंही तसंच: ‘तंबू’त म्, ‘घंटा’त ण्, ‘पंख’ म्हणताना तिसराच. नियम सांगत बसू नका, शब्द म्हणायला लावा.

जोडाक्षरांकडे यायला तुम्हाला दोन-तीन महिने लागतील, लागू देत. तिथे खरा घोळ र करतो. ‘वर्ग’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायाशी, ‘ट्रक’मध्ये टोपीसारखा खाली, ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळा. एका र चे चार वेष. एका वेळी एकच घ्या. रफाराला, म्हणजे डोक्यावरच्या र ला, मी ‘वर्ग, सर्व, गर्दी, मोर्चा’ अशा शब्दांत बोट फिरवायला लावते: ‘गर्दी’त ग, मग वरच्या आकड्याकडे उडी, मग द. बोटाची ती उडी तोंडाच्या आधी शिकवावी लागते.

आता तासाबद्दल. तासभर फार होतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून चार वेळा, हे आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी जुन्या कार्डांनी सुरुवात करते, पटापट, पाच मिनिटं. मग बटणं. मग नवीन एकच गोष्ट. नवीन चिन्ह घेतलं की त्याच चिन्हाचे पंधरा-वीस शब्द वाचायचे, लगेच त्यातलेच सहा-सात मी सांगते आणि तो आवाज म्हणत म्हणत लिहितो. मग एक छोटा उतारा, ज्यात न शिकवलेलं एकही चिन्ह नाही. असे उतारे बाजारात कमी मिळतात, मी हाताने लिहिते. ‘मामा आला. मामाचा मासा पाहा.’ नऊ वर्षांच्या मुलाला हे बालिश वाटतं, म्हणून त्याच अक्षरांत त्याच्या वयाचं लिहायचा प्रयत्न करा: ‘आज सामना हरला. राजाचा पाय घसरला.’ त्याला क्रिकेट आवडत असेल तर चार वाक्यांचा सामना लिहा. तो उद्या स्वतःहून पुढचं षटक मागेल.

शब्दसाखळी हा माझा सगळ्यांत लाडका भाग. अक्षरांची कार्डं मांडायची आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. माल. मोल. मूल. मूळ. माळ. गाळ. गाल. गोल. बदललं काय, ते त्याने सांगायचं आणि नवा शब्द वाचायचा. शेवटापर्यंत बघितल्याशिवाय इथे सुटका नाही, कारण कधी शेवटचं अक्षर बदलतं, कधी मधलं चिन्ह. पहिल्या अक्षरावरून अंदाज करायची सवय मोडायला याच्याइतकं काही उपयोगी पडलेलं मला आठवत नाही.

तो अडला की काय करायचं, हे सविस्तर सांगते, कारण तास सुधारतो किंवा बिघडतो तो याच क्षणी. समजा वाक्यात ‘दुकानदार’ आहे आणि तो ‘दुपार’ म्हणाला. ‘नाही, नीट बघ’ म्हणू नका. ‘चित्रात काय दिसतंय’ हे तर मुळीच नको. आधी पाच सेकंद गप्प राहा, कधीकधी तो स्वतःच मागे येतो. आला नाही तर एक कोरं कार्ड शब्दावर ठेवा, फक्त ‘दु’ दिसू दे. तो ‘दु’ म्हणेल. कार्ड सरकवा, ‘दुका’. आणखी सरकवा, ‘दुकान’. इथे बहुतेकदा चेहरा उजळतो. मग ‘दार’. मग पूर्ण शब्द, आणि मग वाक्य पहिल्यापासून. ही शेवटची पायरी गाळू नका, नाहीतर त्याच्या लक्षात तुटलेलं वाक्यच राहतं. आणि शब्दात अजून न शिकवलेलं काही असेल तर सरळ सांगून टाका, ‘हे आपण अजून घेतलेलं नाही, हा शब्द असा आहे’. न शिकवलेल्या गोष्टीची परीक्षा घेणं हा अन्याय आहे.

शाबासकी नेमकी द्या. ‘छान’ म्हटल्याने काय छान झालं ते कळत नाही. ‘तू स्वतः मागे जाऊन दुरुस्त केलंस’ असं म्हटलं की पुढच्या वेळी तो मागे जातो.

अचूकता आली तरी वेग येत नाही, आणि या टप्प्यावर पालक निराश होतात. इटालियन, फिनिश अशा जिथे अक्षर आणि आवाज बरेचसे जुळतात त्या भाषांत डिस्लेक्सिक मुलं अखेरीस बरोबर वाचतात पण सावकाश वाचतात, असं आढळलेलं आहे. देवनागरीतही मला तेच दिसतं. उपाय जुना आहे. संशोधक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पुनर्वाचनाची रीत: छोटा उतारा तीन-चार वेळा वाचायचा, आधी तुमच्याबरोबर, मग एकट्याने. घड्याळ लावायचं की नाही ते मुलाला विचारा. काहींना स्वतःशी शर्यत आवडते, काहींचे हात थरथरतात. शर्यत दुसऱ्या मुलाशी कधीही नको.

शुद्धलेखनाचा आग्रह सध्या ठेवू नका. आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ नीट पाळत नाही, त्यामुळे ऐकून कळायला मार्गच नसतो. दोन नियम मात्र लवकर देता येतात: शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दुसरे, आणि ‘गरीब’, ‘वकील’, ‘फूल’ अशा शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षराचेही दुसरेच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दुसऱ्या नियमाला अपवाद, पण ते नंतर. त्याने ‘विहिर’ लिहिलं तर आवाज सगळे बरोबर आलेत हे आधी सांगा. वहीवर लाल गोल नकोत.

तासाची शेवटची सात-आठ मिनिटं तुम्ही त्याला वाचून दाखवा. त्याच्या वयाचं, किंबहुना वयाच्या थोडं पुढचं, खरंखुरं चांगलं पुस्तक. हे बक्षीस समजू नका, हा धड्याचाच भाग आहे. जो कमी वाचतो त्याला शब्द कमी भेटतात, शब्द कमी म्हणून पुढचं वाचन आणखी जड जातं. संशोधक स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये ही घसरण नेमकी मांडून दाखवली. कानाने भेटलेले शब्द ती थोपवतात. ऑडिओबुक ऐकणं म्हणजे फसवणूक नव्हे. घरी सांगा, ऐकू द्या, हवं तेवढं.

रंगीत चष्मे, रंगीत पारदर्शक पट्ट्या, डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र येऊन सांगितलं की यांच्या उपयोगाला शास्त्रीय आधार नाही. खास डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेल्या टंकांचंही (फॉन्टचंही) फारसं काही खरं नाही. अक्षरांत आणि ओळींत जास्त जागा सोडून मोठ्या टाइपात छापलेलं काही मुलांना सोपं जातं, ते करायला काहीच हरकत नाही. वाळूत बोटाने अक्षर गिरवणं, हवेत काढणं मी करते. पण त्यातली जादू वाळूत नाही, गिरवताना आवाज मोठ्याने म्हणण्यात आहे. न बोलता वाळूत खेळणारं मूल फक्त वाळूत खेळतंय.

मुलाला त्याच्या अडचणीचं नाव सांगावं का, असं पालक विचारतात. माझ्या मते सांगावंच. नाव सांगितलं नाही तर तो स्वतःच नाव ठेवतो, आणि ते ‘ढ’ असतं. मी असं म्हणते: ‘तुझा मेंदू आवाज आणि अक्षर जोडायला जास्त वेळ घेतो. जोडायची वाट तयार करावी लागते, ती आपण दोघं मिळून करतोय. तू हुशार आहेस की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.’ एका मुलीने हे ऐकून विचारलं, ‘मग मी शाळा बदलायला नको ना?’ तिच्या मनात काय चाललं होतं ते तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

तासाआधी पोट दुखणं, पुन्हा पुन्हा पाणी प्यायला जाणं, पेन्सिलीला टोक करत बसणं ही लाजेची रूपं आहेत. ती वाढली तर काम अवघड झालंय असं समजा आणि एक पायरी खाली या. दहापैकी नऊ शब्द त्याला येतील एवढंच सोपं ठेवा. आईवडिलांना संध्याकाळच्या वाचनाच्या भांडणातून मोकळं करा. त्यांनी फक्त वाचून दाखवावं. शाळेशी बोलताना एक मागणी सर्वांत आधी ठेवा: तयारीशिवाय वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये. जास्त वेळ, तोंडी उत्तरं, प्रश्न वाचून दाखवणं, हे त्यानंतर. मोठी झालेली मुलं भेटायला येतात, तेव्हा कोणता धडा शिकवला ते त्यांना आठवत नाही. वर्गात उभं केल्याचा दिवस मात्र तारखेसकट आठवतो.

किती दिवस लागतील? महिन्यांत मोजू नका, वर्ष-दोन वर्षं धरून चला. मधे एखादा आठवडा असा येईल की शिकवलेलं सगळं गेलंय असं वाटेल, विशेषतः सुट्टीनंतर. कार्डांची पेटी मागून परत काढा, चार-पाच दिवसांत येतं. पण रोज नीट काम करूनही तीन महिन्यांत सुटी चिन्हं पक्की होत नसतील, तर अहवाल देणाऱ्या तज्ज्ञांना पुन्हा भेटा; एखादी दुसरी अडचण लपलेली असू शकते.

उद्यापासून धडा मिटवून ठेवा. अक्षरं विस्कटून विचारा, ‘गाटूस’ आणि ‘लोपीम’ वाचायला द्या, बटणं सरकवून बघा, आणि कुठे थांबला ते एका वहीत तारखेसह लिहा. त्याला सांगा की ही परीक्षा नाही, मला काय शिकवायचं ते मी शोधतेय. दोन तासांची ती यादी इथे लिहिलीत, तर पहिल्या महिन्यात कोणती चिन्हं कोणत्या क्रमाने घ्यायची ते आपण मिळून ठरवू.